शब्दचर्चा : वैद्यकीय अभिलेख, केसपेपर आणि ‘औषध घेतलं’

भाषांतरी

‘मेडिकल रेकॉर्ड टेक्निशियन’ या पदासाठी सरकारी जाहिरातींत ‘वैद्यकीय अभिलेख तंत्रज्ञ’ असं दिसतं. पण ‘अभिलेख’ म्हटलं की बहुतेकांना भूमी अभिलेख आणि सातबारा आठवतो. ‘नोंद’, ‘दस्तऐवज’, ‘दप्तर’ यांतला एखादा शब्द इथे चालेल का? शिवाय ‘कोडिंग’ (आजाराला ठरलेला कोड देण्याचं काम) तसंच ठेवावं की ‘संकेतांकन’ करावं?

रेकॉर्डरूम

‘अभिलेख’च ठेवा, कारण बाकीच्या शब्दांना त्यांचं त्यांचं काम आहे. नोंद म्हणजे एका वेळी केलेलं एक लिखाण, उदाहरणार्थ सकाळी सहाचं तापमान. केसपेपर म्हणजे खिडकीवर मिळणारा ओपीडीचा कागद. रुग्ण दाखल झाला की सुरू होतात ते इनडोअर पेपर. हे सगळं क्रमाने लावून, तपासून, एका क्रमांकाखाली जपून ठेवलं की त्याचा अभिलेख होतो. ‘दप्तर’ला नेमका हाच अर्थ होता, पेशवे दप्तर म्हणतो ते त्याच अर्थाने. आता मात्र दप्तर शाळेच्या मुलांच्या पाठीवर गेलं आहे, ते परत आणता येणार नाही.

बोलताना सगळे ‘रेकॉर्ड’च म्हणतात. दारावर ‘वैद्यकीय अभिलेख कक्ष’ अशी पाटी असते आणि वॉर्डबॉय विचारतो, “रेकॉर्डला कोण आहे?” माहितीपत्रक रुग्णांसाठी असेल तर ‘रेकॉर्ड विभाग’ लिहायला काहीच हरकत नाही.

भाषांतरी

‘क्रमाने लावून, तपासून’ यात नेमकं काय येतं? त्या कामांना मराठी क्रियापदं आहेत का?

रेकॉर्डरूम

आहेत, आणि चांगली आहेत. वॉर्डातून फाइल आली की आधी ‘पेपर लावायचे’: वर दर्शनी कागद आणि डिस्चार्ज कार्ड, मग संमतीपत्रं, डॉक्टरांच्या नोंदी, शस्त्रक्रियेची नोंद, तपासण्या, नर्सिंगचे तक्ते. हा क्रम रुग्णालयागणिक थोडा बदलतो, पण एका रुग्णालयात तो एकच असायला हवा. मग ‘त्रुटी काढायच्या’. इंग्रजीतल्या डेफिशियन्सीला ‘कमतरता’ म्हणतात तेव्हा ती जीवनसत्त्वाची वाटते. सरकारी मराठीतला ‘त्रुटी’ हा शब्द इथे बरोबर बसतो, आणि ‘त्रुटीपूर्तता’ही. नेहमीच्या त्रुटी अशा: नोंदीखाली सही आहे पण वेळ नाही, संमतीपत्रावर साक्षीदाराची जागा कोरी, अंतिम निदान लिहिलेलंच नाही, एका रुग्णाचा रक्ताचा अहवाल दुसऱ्याच्या फाइलमध्ये. शेवटची सर्वांत घातक. म्हणून प्रत्येक कागदावरचं नाव आणि क्रमांक दोन्ही पाहायचे, नुसतं नाव पाहून पुढे जायचं नाही.

त्यानंतर फाइल ‘लावणे’ आणि ‘काढणे’. मोठ्या ठिकाणी फाइल शेवटच्या दोन आकड्यांवर लावतात. क्रमांक ४१-८७-०६ असेल तर आधी ०६ चा कप्पा, त्यात ८७ चा गठ्ठा, त्यात ४१ वी जागा. सरळ चढत्या क्रमाने लावल्या तर नव्या फाइलींची सगळी गर्दी शेवटच्या रॅकवर होते. अशा पद्धतीने ती ०० ते ९९ अशा शंभर कप्प्यांत वाटली जाते. चूक होते ती आकडे उलटे वाचल्याने. फाइल सापडेना की आधी ६० चा कप्पा पाहा, मग ७८ चा गठ्ठा, मग शेजारच्या फाइलीच्या पोटात. काढलेल्या फाइलच्या जागी जे कार्ड ठेवतात (कुणी नेली, कुठे, कोणत्या तारखेला) त्याला आमच्याकडे ‘ट्रेसर’च म्हणतात. ते ठेवलं नाही तर ही सगळी शोधाशोध फुकट जाते, कारण फाइल हरवली आहे की कुणाच्या टेबलावर आहे हेच कळत नाही.

कोडिंगटेबल

‘संकेतांकन’ शब्दकोशात ठीक आहे, कामाच्या जागी तो कुणी वापरत नाही. ‘कोड लावणे’ हे क्रियापद रुळलेलं आहे. पण या धाग्यावर मला वेगळंच मांडायचं आहे. आपल्या कामातला भाषेचा खरा प्रश्न पदनामाचा नाही. रुग्णाच्या तोंडचा शब्द केसपेपरवर येताना बदलतो आणि त्यामुळे कोड चुकतो, हा आहे.

‘औषध’ घ्या. विदर्भ-मराठवाड्यात, आणि इतरत्रही शेतात, ‘औषध’ म्हणजे फवारणीचं कीटकनाशक. ‘औषध मारलं’ म्हणजे फवारलं, ‘औषध घेतलं’ किंवा ‘औषध प्याला’ म्हणजे विष घेतलं. बरोबर आलेला माणूस सांगतो, “यानं औषध घेतलं.” शहरातून आलेला नवा डॉक्टर ‘औषधाचे सेवन’ असं लिहितो. आयसीडी-१० मध्ये, म्हणजे आजारांच्या कोडच्या आंतरराष्ट्रीय यादीत, गोळ्या-औषधांची विषबाधा टी३६ ते टी५० मध्ये जाते आणि ऑर्गनोफॉस्फेट कीटकनाशक टी६०.० मध्ये. एका शब्दाने पूर्ण गट बदलला. फाइलमध्ये अ‍ॅट्रोपीन आणि प्रॅलिडॉक्झिम (अशा कीटकनाशकांवरचे उतारे) दिल्याच्या नोंदी दिसत असतील तर शंका घ्यायलाच हवी. पण उपचारावरून निदान आपण ठरवायचं नाही, डॉक्टरांकडे लेखी विचारणा करायची.

शब्दवेडी

मग ‘विषबाधा’ आणि ‘विषप्राशन’ यातही फरक करता का? वर्तमानपत्रं दोन्ही सर्रास वापरतात.

कोडिंगटेबल

तो फरक तर फार महत्त्वाचा. ‘विषप्राशन’मध्ये हेतू गृहीत धरलेला असतो, स्वतः प्याला. ‘विषबाधा’ फक्त परिणाम सांगते. टी६०.० हा कोड काय झालं ते सांगतो, कसं झालं यासाठी दुसरा कोड लागतो: अपघाताने असेल तर एक्स४८, स्वतःहून घेतलं असेल तर एक्स६८. वाय१८ हा हेतू ठरवता आलाच नाही तेव्हाचा आहे. केसपेपरवर लिहायचं राहिलं म्हणून तो लावायचा नसतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना शेतकरी आणि शेतमजूर दगावले. तो प्रकार एक्स४८ चा, त्यात प्राशन नाही, कीटकनाशक कातडीतून आणि श्वासातून गेलं. अशा रुग्णाच्या फाइलवर सवयीने ‘विषप्राशन’ लिहिलं गेलं तर त्या माणसाच्या नावावर आत्महत्येचा प्रयत्न चढतो आणि जिल्ह्याच्या आकडेवारीतून फवारणीचा धोका नाहीसा होतो. म्हणून रुग्णाच्या इतिहासात (हिस्टरीत) तीन गोष्टी रुग्णाच्याच शब्दांत लिहून घ्या: काय होतं (डब्यावरचं नाव), कसं गेलं (प्यायला, अंगावर उडालं, फवारताना), केव्हा. हे मेडिको-लीगल (पोलिसांकडे जाणारं) प्रकरण असल्याने हे शब्द पुढे कोर्टातही वाचले जातात.

बोलीअभ्यासक

असाच धोका सर्पदंशात आहे. साप हा शब्द रात्री उच्चारायचा नाही, म्हणून अनेक भागांत ‘जनावर चावलं’ म्हणतात, काही ठिकाणी ‘पान लागलं’. कोकणात ‘किरडू’ही ऐकू येतं.

कोडिंगटेबल

हो, आणि ‘जनावर चावलं’चं इंग्रजी ‘अ‍ॅनिमल बाइट’ होतं. मग डब्ल्यू५५ लागतो, जो सस्तन प्राण्यांचा आहे. विषारी सापाला टी६३.० आणि बरोबर एक्स२० हवा. केसपेपर काढतानाच “कोणतं जनावर, लांबडं का?” एवढं विचारलं तरी पुरे. ‘लांबडं’ हा शब्द सगळीकडे समजतो.

भाषांतरी

डिस्चार्जच्या रकान्यात ‘डामा’ आणि ‘फरार’ असे दोन शब्द दिसले. हे ठेवू?

रेकॉर्डरूम

‘डामा’ (डिस्चार्ज अगेन्स्ट मेडिकल अ‍ॅडव्हाइस) कामापुरता ठीक, छापील मजकुरात ‘वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध घरी गेले’ असं लिहा. ‘फरार’ मात्र काढा. फरार होतो तो आरोपी. बिलाच्या काळजीने किंवा घरी म्हैस आजारी आहे म्हणून रात्री निघून गेलेली बाई गुन्हेगार नाही. ‘न सांगता निघून गेले’ पुरेसं आहे. डामामध्ये सही असते आणि यात नसते, म्हणून दोन्ही वेगळे मोजायचे. मध्यरात्रीची खाटांची मोजणी जुळत नाही तेव्हा गोंधळ बहुधा इथेच असतो: रुग्ण गेला, पण वॉर्डाच्या वहीत तो अजून खाटेवर आहे.

शब्दवेडी

‘निदान’बद्दल एक. आयुर्वेदात निदानपंचकातलं (रोग ओळखण्याच्या पाच साधनांतलं) पहिलं ‘निदान’ म्हणजे रोगाचं कारण. आज आपण ते डायग्नोसिससाठी वापरतो. मृत्यूच्या दाखल्यावर यामुळे घोळ होतो का?

कोडिंगटेबल

शब्दामुळे कमी, सवयीमुळे जास्त. मृत्यूच्या कारणाच्या वैद्यकीय प्रमाणपत्रात, रुग्णालयासाठी तो नमुना ४, पहिल्या भागात ओळीने साखळी लिहायची असते. वर ताबडतोबीचं कारण, त्याखाली ते कशामुळे, सर्वांत खाली मूळ कारण. उदाहरणार्थ, (अ) सेप्टिक शॉक, (ब) पायाचं गँगरीन, (क) टाइप २ मधुमेह. आकडेवारीत जातं ते मूळ कारण, इथे ई११.५. पहिल्या ओळीत नुसतं ‘कार्डिओरेस्पिरेटरी अरेस्ट’ लिहून बाकी कोरं ठेवलं तर त्यातून काहीच कळत नाही. हृदय आणि श्वास प्रत्येकाचाच थांबतो, ते मरण्याचं रूप झालं. म्हणून मराठी रकान्यांत ‘निदान’ न लिहिता ‘मूळ कारण’ आणि ‘ताबडतोबीचं कारण’ असंच लिहावं, म्हणजे विचारलं काय आहे ते लगेच कळतं.

भाषांतरी

शेवटचं. नातेवाइकांच्या अर्जाचा नमुना करायचा आहे. ‘नक्कल’ लिहू की ‘प्रत’?

रेकॉर्डरूम

‘साक्षांकित प्रत’. तहसीलमध्ये ‘नक्कल’ अजून चालते, पण इथे ती खोटी वाटते. अर्जावर पोहोच द्या आणि तारीख घाला, कारण २००२ च्या वैद्यक परिषदेच्या नियमांप्रमाणे मागणी आल्यापासून ७२ तासांत कागद द्यायचे असतात. त्याच नियमांत आंतररुग्णाचे कागद उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं ठेवायला सांगितले आहेत. मेडिको-लीगल फाइलींना ती मुदत लावू नका, त्यांचा गठ्ठा वेगळा बांधून प्रकरण निकाली निघेपर्यंत कुलुपात ठेवा. अर्जात ‘रुग्णाशी नाते’ हा रकाना नक्की घाला आणि त्याखाली ओळखपत्राचा. मूळ फाइल कक्षाबाहेर जात नाही, हे वाक्य नमुन्यातच छापा, म्हणजे खिडकीवर वाद घालावा लागत नाही.