नाकागिन टॉवर पाडला ते बरंच झालं म्हणे!

फिरस्ता_बोरिवली (धागाकर्ता)

परवा एका ग्रुपवर कुणीतरी टोकियोच्या नाकागिन कॅप्सूल टॉवरचा फोटो टाकला आणि खाली मल्लिनाथी, "वॉशिंग मशिनांचा ढीग होता, २०२२ ला पाडला, बरंच झालं. किशो कुरोकावा हा जपानचा सगळ्यात ओव्हररेटेड आर्किटेक्ट, गप्पा मोठ्या आणि काम शून्य." खाली हसऱ्या इमोजींचा पाऊस. तिथं बोललो असतो तर 'ज्ञान पाजळू नका' ऐकावं लागलं असतं म्हणून इथं मोकळा होतोय.

अहो, कुरोकावाचा या टॉवरसाठी मुळात प्लॅन काय होता? काँक्रीटचे दोन गाभे, एक ११ मजली एक १३ मजली, आणि त्यांना बाहेरून लटकवलेल्या १४० कॅप्सूल, म्हणजे तयार खोल्या, प्रत्येकी चार बोल्टांवर. बेड, टेबल, बाथरूम सगळं शिगाच्या कारखान्यात आत बसवूनच ट्रकने टोकियोत आणलं. दर २५ वर्षांनी जुनी कॅप्सूल काढायची, नवी लावायची, गाभा तसाच. टॉवर १९७२ चा, म्हणजे ९७ च्या आसपास पहिली बदली व्हायला हवी होती. एकही कॅप्सूल बदलली नाही. एकही! जी गोष्ट कधी करूनच पाहिली नाही ती फसली असं कसं म्हणायचं? आणि 'काम शून्य' म्हणणाऱ्यांनी क्वालालंपूरचा एअरपोर्ट (१९९८), ॲमस्टरडॅमच्या व्हॅन गॉग म्युझियमची नवी विंग (१९९९), टोकियोचं नॅशनल आर्ट सेंटर (२००७) कुणी केलं ते जरा बघावं. मेटाबॉलिझमवाल्यांनी (इमारतीने सजीवासारखं वाढावं, बदलावं म्हणणारे जपानी आर्किटेक्ट) १९६० ला जाहीरनामा काढला तेव्हा हा माणूस २६ वर्षांचा होता, सव्विसाव्या वर्षी आपण काय करत होतो?

सिमेंटवाली

सव्विसाव्या वर्षी मी साइटवर स्लॅबचे क्यूब टेस्ट करत होते, धन्यवाद.

आता मुद्द्याचं. 'करूनच पाहिलं नाही' ही फोटो बघून प्रेमात पडलेल्यांची आवडती पळवाट आहे. का नाही करून पाहिलं? तर कागदावर प्रत्येक कॅप्सूल सुटी, पण दोन कॅप्सूलच्या मधे धड माणूस शिरेल एवढी जागा नाही, पाइप जोडलेले, आणि खालची काढायची तर आधी वरच्या उतरवा. म्हणजे माझी गळतेय म्हणून वरच्या सगळ्यांचं घर हवेत! वर कॅप्सूलचे मालक वेगवेगळे. आतून ॲस्बेस्टॉस फवारलेलं. खिडकी उघडत नाही. २०१० पासून गरम पाणी बंद, टोकियोच्या थंडीत. ज्या डिझाइनला चालायला ढीगभर मालकांचं एका दिवशी एकमत लागतं ते डिझाइन माणसांसाठी केलेलं नाही. आमच्याकडे पाच भाऊ एका विहिरीच्या मोटारीवर एकमत करू शकले नाहीत.

निशिकासाई_लोकल

मी टोकियोतच असतो, पाडायच्या आधी एका ओळखीच्याने महिन्यावर भाड्याने घेतलेल्या कॅप्सूलमधे एक रात्र झोपलोय, तेव्हा दोन्ही पार्ट्यांना सांगतो. बाहेरून बिल्डिंगला जाळी मारलेली, तुकडे खाली पडू नयेत म्हणून. आत साधारण १० चौरस मीटर, भिंतीत बसवलेलं कपाट, त्यातच टीव्ही आणि टेप डेकची जागा, फळी ओढली की टेबल. किचन नाहीच, कारण मूळ गिऱ्हाईक म्हणजे लांबून येणारा ऑफिसवाला, आठवड्यात चार रात्री टेकायला. बाथरूम विमानातल्यासारखं, त्याचा नळ मेलेला, आंघोळीला खाली सामायिक शॉवर. छताच्या कोपऱ्यात गळतीखाली प्लॅस्टिक चिकटवून त्याची नळी बादलीत सोडलेली. कुबट वास डोक्यात जात होता. आणि तरी सांगतो, रात्री दिवा बंद करून त्या गोल खिडकीखाली आडवा झालो, खालून एक्सप्रेसवेच्या गाड्या जातायत, तेव्हा तिथून हलावंसं वाटेना. शेजारच्याने कॅप्सूलचं छोटं ऑफिस केलेलं, पुढच्याने नुसती पुस्तकं भरलेली. लोक तिथं मजबुरीने राहत नव्हते हो, हौसेने राहत होते.

सिमेंटवाली

एक रात्र. हौस एका रात्रीची असते, बादली रोज रिकामी करावी लागते.

ठाणेकर_काका

मला त्या कुरोकावाचं फार माहीत नाही पण ढीगभर मालक वाचलं आणि राहवलं नाही. जपानमधे पाडायला किती जणांची संमती लागते कुणी सांगेल का? कारण आमच्या सोसायटीचं रिडेव्हलपमेंट गेली कित्येक वर्षं लटकलंय, एका बिल्डरने सह्या घेतल्या, बिल्डिंग पाडली, दीड वर्ष भाडं दिलं आणि गायब. आम्ही सत्तरीतली माणसं भाड्याच्या घरात चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, मिसेसचे दोन्ही गुडघे गेलेत. आणि इथं लोक बोल्टवर चर्चा करतायत.

निशिकासाई_लोकल

काका, तिकडे बिल्डिंग पाडून नवी बांधायला मालकांच्या पाच-चतुर्थांश, सॉरी चार-पंचमांश मतांची अट, म्हणजे ८० टक्के. २००७ ला मालकांनी तेवढं मत जमवून पाडायचा ठराव केला, पण २००८ च्या मंदीत ते बारगळलं आणि पुढे चौदा-पंधरा वर्षं तसंच लोंबकळलं.

ठाणेकर_काका

८० टक्के! आपल्याकडे २०१९ पासून ५१ टक्क्यांत काम होतं. ४९ माणसं बोंबलत बसली तरी चालतं.

पेन्सिल_सेठ

काका ५१ आहे म्हणून तर निदान काही होतंय, ८० ठेवलं असतं तर अर्धी डोंबिवली स्लॅब डोक्यावर घेऊन मेली असती. आमच्या बिल्डिंगमधे एक गृहस्थ आहेत, फ्लॅट कुलूप लावून अमेरिकेत, मेलला उत्तर नाही, आणि दर मीटिंगला त्यांचा मेहुणा येऊन आक्षेप नोंदवतो.

ठाणेकर_काका

तुमच्या अमेरिकावाल्याशी माझा काय संबंध? ज्याची सही नाही त्यालाही बाहेर काढता येतं ही कुठली लोकशाही? तुमचं घर गेलं नाही म्हणून सुचतंय.

पेन्सिल_सेठ

काका तुम्हीच सही केली होती ना पण? मग ५१ आणि ८० चा प्रश्न येतो कुठे. चिडू नका, विचारतोय फक्त.

ठाणेकर_काका

केली होती. शंभर टक्के लोकांनी केली होती. त्याचंच तर दुःख आहे. तुमच्यासारखी पोरं तेव्हाही 'काका सही करा' म्हणूनच आली होती.

फिरस्ता_बोरिवली

काका, तुमच्याबद्दल खरंच वाईट वाटतं पण धागा कुरोकावाचा आहे हो. रिडेव्हलपमेंटवर वेगळा धागा काढा, मी स्वतः येऊन शिव्या घालीन बिल्डरला.

आणि सिमेंटवाली ताई, त्या २००७ च्या ठरावाआधी कुरोकावाने स्वतः पर्याय दिला होता, गाभे ठेवा, कॅप्सूल नव्या लावा. मालकांनी ऐकलं नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरात माणूस गेला. जपानातल्या इसेचं शिंतो देऊळ दर २० वर्षांनी नव्याने बांधतात, मागचं २०१३ ला झालं, पुढचं २०३३ ला. ज्या देशात ही परंपरा तेराशे वर्षं चालते तिथं २५ वर्षांनी खोली बदलणं हे काय वेडगळ स्वप्न होतं?

सिमेंटवाली

इसेला एक देवस्थान, पिढीजात सुतार, राखून ठेवलेलं जंगल आणि वर्षानुवर्षं आधीपासून सुरू होणारी तयारी आहे. नाकागिनला, टोकियोतल्या गिन्झाच्या टोकाला, होता एक डेव्हलपर आणि त्याचे विकलेले गाळे. कुरोकावाने इसेचा लाकूडकामाचा भाग घेतला, देवस्थानाचा हिशेब सोडला. आणि २००७ चंच म्हणाल तर त्या वर्षी हे गृहस्थ टोकियोच्या गव्हर्नरपदाला उभे होते, तेव्हाच्या गव्हर्नर इशिहारांविरुद्ध, पडले, मग जुलैत संसदेच्या वरच्या सभागृहाला उभे, तिथंही पडले. स्वतःच्या टॉवरची मतं जमेनात आणि निघाले शहराची मतं मागायला.

फिरस्ता_बोरिवली

हे कमरेखालचं झालं.

वास्तु_तिसरंवर्ष

मधे बोलतेय, माफी असावी. यात पेरूमधल्या लिमाचं प्रेवी, म्हणजे तिथली घरवसाहत, कुणीच आणलं नाही याचं आश्चर्य वाटतंय. ६०-७० च्या दशकात तिथल्या स्वस्त घरांसाठी बाहेरून आर्किटेक्ट बोलावले, त्यात कुरोकावा, किकुताके, माकी ही मेटाबॉलिझमवाली त्रयी होती आणि आपले मुंबईचे चार्ल्स कोरियाही होते. तिथं प्रत्येकाला जमिनीवरचं छोटं घर दिलं, वाढवायला वाव ठेवून. आज जाऊन फोटो बघा, लोकांनी मजले चढवलेत, दुकानं काढलीत, जिने बाहेरून फिरवलेत, मूळ घर ओळखू येत नाही. इमारतीने वाढावं, बदलावं हे मेटाबॉलिझमचं म्हणणं तिथं खरं झालं, कारण वाढवायला शेजाऱ्याची सही लागत नव्हती. तेव्हा तुम्हा दोघांचंही अर्धं बरोबर आहे.

ठाणेकर_काका

ही मुलगी हुशार आहे.

सिमेंटवाली

'अर्धं बरोबर' हे परीक्षकाला खूश करायचं वाक्य झालं, पण उदाहरण चांगलं आहे, मान्य. आता माझं शेवटचं. धागाकर्ते सगळा दोष मालकांवर ढकलतायत ना, मग 'कॅप्सूल हाऊस के' (K) हे घर घ्या. नागानोतलं, १९७३ चं, कुरोकावाचं स्वतःचं घर. तशाच कॅप्सूल, पण चारच. मालक एक. मत एक. त्यानेही त्या बदलल्या नाहीत. आता तिथं पैसे भरून राहता येतं, त्याच जुन्या कॅप्सूलमधे. बोला.

फिरस्ता_बोरिवली

बोलतो की. ते घर आज धडधाकट उभं आहे ना? म्हणजे निगा राखली तर कॅप्सूल पन्नास वर्षंही जाते, मग नाकागिनला रोग डिझाइनचा नव्हता, मेन्टेनन्सचा होता. हां, पण मग २५ वर्षांचा आकडा कुठून आला हे तुम्ही विचारणारच, तेव्हा स्वतःच म्हणतो, तो आकडा जरा हवेतला होता. एवढंच देणार, जास्त मागू नका. बाकी १४० पैकी २३ कॅप्सूल वाचवल्यात, एक सॅन फ्रान्सिस्कोच्या म्युझियममधे गेली, न्यूयॉर्कच्या मोमा या आधुनिक कलेच्या म्युझियमने २०२५ मधे एकीभोवती आख्खं प्रदर्शन भरवलं. ओव्हररेटेड माणसाच्या बाथरूमसकट खोल्या म्युझियमवाले उचलत नाहीत.

सिमेंटवाली

उचलतात. म्युझियममधे नळाला पाणी यावं लागत नाही.

निशिकासाई_लोकल

अवांतर : पाहिजे असेल तर टोकियोशेजारच्या सैतामाच्या किता-उरावा पार्कमधे एक कॅप्सूल ठेवलीय, शेजारचं म्युझियमही कुरोकावाचंच, १९८२ चं. जेआर रेल्वेने जाता येतं. काचेतून आत बघा आणि मग भांडा.

ठाणेकर_काका

वेगळा धागा काढलाय. '५१ टक्के आणि आम्ही' नाव आहे. पेन्सिल सेठनी जरूर यावं.