शब्दचर्चा : 'ट्यूमर सप्रेसर'ला मराठीत काय म्हणायचं?

पंचवटीकर : मावशीचा बायोप्सीचा रिपोर्ट आला, त्यात 'पी५३ पॉझिटिव्ह' आहे. पी५३ हे 'ट्यूमर सप्रेसर', म्हणजे गाठ वाढू न देणारं प्रथिन, म्हणून घरच्यांना मी 'अर्बुदरोधक प्रथिन' असं समजावलं. काका लगेच म्हणाले, "रोधक पॉझिटिव्ह? मग बरंच झालं की!" शब्द चुकला का माझा?

लॅबवाली : घोळ 'पॉझिटिव्ह'ने घातलाय, त्याचा अर्थ इतकाच की रंगवलेल्या स्लाइडवर ते प्रथिन दिसलं. धड असलेलं पी५३ पेशीत फार टिकत नाही, एमडीएम२ नावाचं प्रथिन त्याची विल्हेवाट लावत राहतं. बदललेलं पी५३ मात्र केंद्रकात साचतं. निरोगी ऊतीच्या स्लाइडवर फिकट तपकिरी ठिपके तुरळक दिसतात, अशा गाठीत जवळपास प्रत्येक केंद्रक काकवीसारखं गडद. कधी एकही केंद्रक रंगत नाही, आणि तोही बिघाडच! काकांना हसू नका. १९७९मध्ये हे प्रथिन सापडलं तेव्हा गाठींत ते भरपूर दिसलं, म्हणून ते कॅन्सर घडवणारं ठरवलं गेलं. अभ्यासलेल्या नमुन्यांतलं पी५३च बदललेलं होतं. धड पी५३ गाठ रोखतं, हा उलगडा व्हायला १९८९ उजाडलं.

निवृत्त मास्तर : 'अर्बुद' सुश्रुतसंहितेतला शब्द, अबूच्या डोंगराचं जुनं नावही तेच. पण रविवार कारंजावर कुणालाही विचारा, 'गाठ'च म्हणेल. 'शमक' तर मुळीच नको, डोकेदुखीची गोळी वाटते. मला 'राखणदार' आवडतो.

पंचवटीकर : आणि म्यूटेशनला 'उत्परिवर्तन' न म्हणता सरळ 'बिघाड' म्हटलं तर?

दिंडोरीचा बागायतदार : बिघाड कसा? तास-ए-गणेश द्राक्ष थॉमसन सीडलेसमधल्या असल्याच बदलातून निघालं, त्यावर आमची घरं उभी राहिली. 'बदल' म्हणा. वाईट की चांगला, ते पुढच्या वाक्यात.

लॅबवाली : पटलं. शिवाय कुठलं प्रथिन बदललंय त्यावर औषध फिरतं. बीआरसीए हे गाठ रोखणारं दुसरं प्रथिन बदललेलं असेल तर स्तनाच्या किंवा बीजकोशाच्या काही कॅन्सरमध्ये ओलापारिब हे औषध चालतं. सीएलएल या रक्ताच्या कॅन्सरमध्ये पी५३ बनवणारं टीपी५३ जनुक बदललेलं निघालं, तर नेहमीची केमो टाळून वेगळ्या गोळ्या देतात. मावशीच्या बाबतीत मात्र त्यांच्या डॉक्टरांनाच विचारा, पी५३चा अर्थ गाठीगणिक बदलतो.

पंचवटीकर : काकांना कागदावर लिहून दिलं : 'गाठ रोखणारं प्रथिन बदललंय, कामाचं राहिलं नाही, म्हणून साचलंय.' त्यांनी दोनदा वाचलं. म्हणाले, "मग असंच लिहायचं ना, पॉझिटिव्ह कशाला?"