अनुभव धागा: कुणाच्या मनात जीव द्यायचे विचार आहेत असं वाटलं, तेव्हा काय केलंत?

जिरावणवाली_काकू
काल इथं इंदूरला भंवरकुआँवरून येत होते. कोचिंग सुटलेलं, पोह्याच्या गाडीवर पोरांची गर्दी. एकदम आमचा वरच्या खोलीतला पेइंग गेस्ट आठवला. पीएससीचा तिसरा प्रयत्न गेला होता. त्या आठवड्यात त्यानं भाड्याचा पै-पै चुकता केला, पुस्तकं वाटून टाकली अन् म्हणाला, "काकू, तुम्हाला फार त्रास दिला." मी आपली "त्रास कसला रे" म्हणत कुकर लावायला गेले. तिसऱ्या शिट्टीला डोक्यात लख्ख पडलं. गॅस बंद, जिना चढले, सरळ विचारलं, "जीव द्यायचे विचार येतायत का?" माझेच पाय लटपटत होते. बऱ्याच वेळानं म्हणाला, "हो." रात्रभर हे अन् मी आळीपाळीनं बसलो. सकाळी वडील आले, मग डॉक्टर. अजून दिवाळीला फोन करतो, चकल्या मागतो.
तुमचं सांगा.

रात्रपाळी
असं थेट विचारलं तर नसलेलं डोक्यात भरवल्यासारखं नाही का होत?

जुनी_लूना
नाही होत. उलट सुटल्यासारखं वाटतं. त्या पोराच्या जागी मी होतो. मावशी म्हणायची, "तुला काय कमी आहे?" झालं, तोंड बंद. मित्रानं एकदाच विचारलं, ऐकून घेतलं, डॉक्टरकडे सोबत आला, बाहेर बाकावर बसून राहिला. मग रोज रात्री सराफ्यातला खाऊबाजार. भुट्ट्याचा कीस खायचा, बोललं तर बोललं.

दोन_डोळे_झोप
किसात ओलं खोबरं घालतात की नाही? सॉरी, विषयांतर.

जुनी_लूना
वरून भुरभुरवतात. आत घालणाऱ्याशी माझं जमत नाही 😄

धाकटी
ताईनं शपथ घातली होती, कुणाला सांगू नको. मी आईला सांगितलं. चार महिने बोलली नाही माझ्याशी. चालेल. डॉक्टरांनी घरातल्या धोक्याच्या वस्तू आवरायला लावल्या, तेही केलं. ताई सावरली, बाकीचं नंतर.

कोर्टातला_डबा
आमच्याकडे सगळे पोलीस केसच्या भीतीनं दवाखान्यात न्यायला कचरत होते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम ११५ बघा. प्रयत्न करणारा माणूस अतीव ताणाखाली होता असंच धरतात, शिक्षेचा विषय नाही.

रात्रपाळी
खरं सांगायचं तर हे मी आत्ता एकासाठी विचारतोय. पुण्यात एकटा राहतो.

जिरावणवाली_काकू
मग इथं टाइप नको करूस, त्याला फोन लाव. जवळपासचं कुणी पाठव त्याच्याकडे. टेली-मानस म्हणून सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात. तूही लावू शकतोस. लगेच धोका वाटला तर ११२.

कडुनिंबाखाली
मी विचारलं नव्हतं. भाऊ होता. इतकंच.

धाकटी
😔 तुमच्यावर नका घेऊ हो.

जिरावणवाली_काकू
रामबागेत याल तेव्हा चहाला या. बोलायचं नसलं तरी या.

रात्रपाळी
उचलला. बोलतोय. नंतर येतो.