बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठात बाहेरच्यांना फाइन आर्ट्स, म्युझिक कॉलेज बघता येतं का?

नाशिकची_माय
नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात घरच्या एका मुंजीसाठी बडोद्याला जातोय. कार्य एकाच दिवसाचं आहे पण आम्ही दोन दिवस जास्तीचे काढलेत, कारण लेक यंदा बारावीला आहे आणि तिला चित्रकलाच करायचीय, दुसरं काही नाही. गेलं वर्षभर फाइन आर्ट्स फाइन आर्ट्स चाललंय घरात. सासूबाईपण बरोबर आहेत, त्या लग्नाआधी सहा वर्षं गाणं शिकल्या होत्या, त्यांना ते सूरसागरजवळचं म्युझिक कॉलेज बघायचंय. तर तिथले विद्यार्थी नसलेल्या माणसांना आत सोडतात का? तिकीट वगैरे असतं का? विचारायचं कारण असं की मागे एका शहरात एका कॉलेजचं चित्रप्रदर्शन बघायला लेकीला घेऊन गेले होते, बाहेर चांगला मोठा फ्लेक्स, सर्वांसाठी खुलं म्हणून, आणि गेटवर आयकार्ड नाही म्हणून परत पाठवलं. पोरगी घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. परत तसं नको व्हायला.

दांडियाबाजारकर
ताई बिनधास्त या. आमची चौथी पिढी बडोद्यात. पहिली गोष्ट म्हणजे हे विद्यापीठ एका कंपाउंडात नाहीये, शहरभर विखुरलंय, त्यामुळे एकच मोठं गेट आणि तिथे अडवाअडवी असा प्रकार डोक्यातून काढून टाका. स्टेशनातून बाहेर पडलात की जवळच आर्ट्स फॅकल्टीचा तो भलामोठा घुमट, जुनं बडोदा कॉलेज ते, चिझम नावाच्या इंग्रज आर्किटेक्टने विजापूरच्या गोलघुमटावरून घेतलेला. अरविंद घोष इथे शिकवायचे. तिथून काला घोडा चौकाच्या बाजूला चालत निघालात की पुष्पबाग, म्हणजे फाइन आर्ट्स. प्रदर्शन चालू असेल तर बघायला पैसे नाहीत. गेटवर कोणी विचारलंच तर सरळ सांगायचं, प्रदर्शन बघायला आलोय, मुलीला इथे ॲडमिशन घ्यायचीय. सुट्टीच्या दिवशी मात्र जाऊ नका, सगळं बंद असतं आणि मग उगाच हिरमोड.

माती_आणि_छिन्नी
मी तिथलीच, शिल्पकला. लेकीला नक्की न्या आणि नुसतं गॅलरीत फिरवून परत आणू नका. गॅलरी चांगलीच आहे, तिथे विद्यार्थ्यांची, शिक्षकांची, कधी बाहेरच्या चित्रकारांची प्रदर्शनं असतात, पण खरी जागा मागे आहे. शिल्पकलेच्या आवारात जा. झाडाखाली दगड पडलेले, कोणीतरी नाकाला रुमाल बांधून संगमरवर फोडतंय, बाजूला प्लास्टरचे साचे वाळत ठेवलेत, चहाच्या ग्लासावरसुद्धा पांढरी धूळ. लांब उभं राहून बघा, काम करणाऱ्याने मान वर केली की मग विचारा, पोरं मनापासून सांगतात. आम्हाला कोणी येऊन विचारलं की तो दिवस चांगला जायचा, खरंच. दोन वर्षं एका दगडाशी झटत असतो आपण, आणि एखादी आजी येऊन म्हणते की हे काय गं, तेव्हा पहिल्यांदा आपल्यालाच कळतं आपण काय करतोय.

थोडं मागचं सांगते, लेकीला उपयोग होईल. ही फॅकल्टी १९५० ची, विद्यापीठ १९४९ चं, पहिल्या कुलगुरू हंसा मेहता. तोवर आपल्याकडे चित्रकला म्हणजे आर्ट स्कूल आणि डिप्लोमा, इथे विद्यापीठाची पदवी मिळायला लागली. चित्रकला विभाग उभा केला ना. श्री. बेंद्रे यांनी, इंदूरचे मराठी माणूस, शिल्पकलेला शंखो चौधरी, आणि १९५१ ला के. जी. सुब्रमण्यन आले. सुब्रमण्यन खेळणीसुद्धा करायचे, लाकडाची, चामड्याची. १९६१ पासून फाइन आर्ट्स फेअर सुरू झाला, त्यात शिक्षक-विद्यार्थी मिळून हातांनी वस्तू करायचे आणि गावातली साधी माणसं येऊन खरेदी करायची. म्हणजे लोकांनी आत यावं हे पहिल्यापासून आहे तिथे, कोणी उपकार करत नाही आपल्यावर. फेअर दरवर्षी होतोच असं नाही. पण शेवटच्या वर्षाच्या मुलांचा ॲन्युअल डिस्प्ले बघायला मिळाला तर तो सोडू नका, उन्हाळ्यात असतो, वर्गच्या वर्ग रिकामे करून कामं मांडलेली असतात. तारखा मागेपुढे होतात म्हणून निघायच्या आधी ऑफिसला फोन करा.

कोमल_रिषभ
सासूबाईंसाठी लिहितो. म्युझिक कॉलेज म्हणजे आताची परफॉर्मिंग आर्ट्स फॅकल्टी, सूरसागर तलावाच्या समोरच. १८८६ ला सयाजीरावांनी उस्ताद मौलाबक्षांना पुढे करून गायनशाळा काढली, तिचंच हे वाढलेलं रूप. त्या काळी गाणं एक तर दरबारात किंवा घराण्याच्या ओसरीवर, आणि इथे कोणाचंही पोर येऊन शिकणार ही कल्पनाच केवढी मोठी! आपल्या भातखंड्यांची १९१६ ची पहिली अखिल भारतीय संगीत परिषद पण बडोद्यातच झाली. मोठे गायक फैय्याज खाँसाहेब इथल्याच दरबारचे.

नृत्याची गोष्ट तर आम्हा मराठी लोकांना माहीतच नसते. सयाजीरावांच्या पहिल्या राणीसाहेब तंजावरच्या, १८८० ला लग्न झालं, त्यांच्याबरोबर तंजावरहून नर्तकी आणि त्यांचे गुरू आले आणि भरतनाट्यम बडोद्यात रुजलं. आज फॅकल्टीत भरतनाट्यम शिकवतात त्याच्या मागे हे आहे.

संध्याकाळी विद्यार्थ्यांचे कार्यक्रम असतात मधूनमधून, नाटकंही. जाहिरात फारशी होत नाही, आतल्या नोटीस बोर्डावर कागद लावलेला असतो, म्हणून सकाळीच चक्कर मारून बोर्ड वाचून या. आणि वर्ग चालू असताना व्हरांड्यातून जाताना चपला वाजवू नका एवढंच. एका खोलीत भैरव राग, पलीकडे तबल्यावर कायद्याचा रियाझ, वरून घुंगरू, पाच मिनिटं नुसतं उभं राहिलं तरी सासूबाईंना जुने दिवस आठवतील.

खापराचा_तुकडा
एक गल्लत होते सगळ्यांची ती सांगतो. कमाटीबागेतलं म्युझियम (व्हेलचा सांगाडा, ममी, बडोद्याच्याच अकोट्याला सापडलेल्या ब्राँझ मूर्ती) हे विद्यापीठाचं नाही, त्याला तिकीट आहे, त्याच्या वेळा वेगळ्या. कीर्तिमंदिर, म्हणजे गायकवाड घराण्याचं स्मारक, तेही विद्यापीठाचं नाही, तिथे नंदलाल बोस यांची भित्तिचित्रं आहेत, लेकीला दाखवायलाच हवीत, पण ते केव्हा उघडं असतं ते गावात विचारून मगच रिक्षा करा.

विद्यापीठाचं, आणि जवळपास कोणीच बघत नाही असं, म्हणजे आर्किऑलॉजी विभागाचं छोटं म्युझियम. या विभागाने १९६० ते ६३ मध्ये शामळाजीजवळ देवनी मोरीला बौद्ध स्तूप खणला. त्यात दगडी करंडक, म्हणजे झाकणाची डबी, सापडला, त्यावर ब्राह्मीत दशबलशरीरनिलय अशी अक्षरं, म्हणजे बुद्धाच्या अवशेषांचं घर. तो करंडक बंदोबस्तात असतो, गेलात आणि दाखवला असं होत नाही. पण मातीची भांडी, खापरं बघायला मिळतात. विभाग चालू असताना जायचं, ऑफिसात नम्रपणे विचारायचं.

नाशिकची_माय
किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! सासूबाईंना तंजावरचं वाचून दाखवलं, त्यांनी दोनदा वाचायला लावलं. एक विचारायचं राहिलं, त्यांचे गुडघे दुखतात, एका दिवसात किती होईल?

दांडियाबाजारकर
एका दिवसात सगळं नका करू. पहिल्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास फाइन आर्ट्स, लेकीला तिथे सोडा दोन-तीन तास, तुम्ही दोघी कमाटीबागेत सावलीला बसा, हाकेच्या अंतरावर आहे. दुपारी सेव उसळ खा, आजींना तिखट कमी सांगा. दुसऱ्या दिवशी सकाळी म्युझिक कॉलेजचा बोर्ड, संध्याकाळी काही असेल तर तिथेच. आणि ताई, तुम्ही नाशिकच्या, सयाजीरावही तुमच्याच जिल्ह्यातल्या कौळाण्याचे, दत्तक यायच्या आधी तिथे गुरं राखलेली. परकं वाटून घेऊ नका.

नाशिकची_माय
कालच परत आलो. कोणीही अडवलं नाही! फाइन आर्ट्सला एका मुलाने लेकीच्या हातात छिन्नी दिली आणि टाकाऊ दगडावर मारून बघ म्हणाला, तिने अर्धा तास मारली, हाताला फोड आलाय तो सगळ्यांना दाखवत फिरतेय. म्युझिक कॉलेजला कार्यक्रम नव्हता पण एका वर्गाबाहेर सासूबाई थांबल्या, आत यमन चालला होता, त्या हळूच गुणगुणायला लागल्या तर आतल्या बाईंनी दार उघडून खुर्ची आणून दिली. चाळीस मिनिटं बसल्या. आर्किऑलॉजी राहिलं. माती_आणि_छिन्नी ताई, प्रवेश परीक्षेला स्केचिंगची तयारी कशी करायची ते लिहाल का? लेक इथे शेजारीच बसलीय वही घेऊन.

माती_आणि_छिन्नी
लिहिते ना, रात्री निवांत. तोवर तिला सांगा रोज स्टेशनवर नाहीतर भाजीबाजारात जाऊन माणसं काढायची, फोटोवरून नाही. दिवसाला वीस तरी. आणि फोड फोडू नको म्हणावं.