घरी बांधलेल्या विमानात घरातलाच स्विच?

अंबडचा वायरमन (धागाकर्ता):
कालच्या धाग्यावर एका महाशयांचा प्रतिसाद होता: "पॅनलला हजार-हजाराचे टॉगल स्विच हा निव्वळ नखरा. मेन रोडवर चाळीस रुपयांत स्विच मिळतो, त्यावर 250 व्होल्ट, 10 अँपियर छापलेलं असतं. आपलं विमान तर 12 व्होल्टचं." वाचून डोकं फिरलं, म्हणून हे लांबण. अहो, ते 10 अँपियर एसीचे! एसी सेकंदाला 100 वेळा शून्यावर येतो, ठिणगी आपसूक विझते. डीसीला तो विसावा नाही. त्यात लँडिंग लाइटचा जुना फिलामेंटवाला बल्ब थंड असताना आठ-दहा पट करंट ओढतो आणि मास्टर कॉन्टॅक्टरची (बॅटरी जोडणाऱ्या मोठ्या रिलेची) कॉइल सोडताना उलटा झटका मारते. तुमचा स्विच बेडरूमच्या पंख्यासाठी आहे.

गंगापूर रोड:
ते महाशय मीच. नमस्कार. इंजिन चालू असताना आपले 12 चे 14 व्होल्ट होतात, तेवढ्याला ठिणगी टिकून राहणंच अवघड असतं, तुमचा धाक 28 व्होल्टवाल्यांना दाखवा. आणि हिशोब करा की राव. हौशी माणूस वर्षाला पन्नास तास उडतो, एक स्विच फार तर दोन-तीनशे वेळा दाबतो. साधा टॉगलसुद्धा हजारो वेळांसाठी बनवतात. हे स्विच झिजून मरत नाहीत, पडून राहून मरतात. चार महिने पाऊस, विमान ताडपत्रीखाली, आतले कॉन्टॅक्ट काळे. तिथे तुमचा हजारवाला काय दिवे लावणार? कॉइलचा झटका म्हणाल, तर कॉइलवर दोन रुपयांचा डायोड टाका.

ओझरकर काका:
तुम्ही दोघंही स्विच पुढून बघताय. मागून बघा. मिग आणि सुखोईच्या वायरिंगवर आयुष्य गेलं माझं. स्विच बिघडला म्हणून काढायचो, तर दहातल्या सात वेळा लगच, म्हणजे तारेच्या टोकाची धातूची टोपीच, सैल निघायचा. तुम्ही लोक तर सोल्डर करता! सोल्डर तारेच्या केसांत वर चढतं, जिथे संपतं तिथेच तार थरथरून तुटते.

सातपूर इलेक्ट्रॉनिक्स:
काका, आदर आहे, पण पक्कडीने चेपलेल्या लगपेक्षा माझं सोल्डर शंभर पटीने बरं. तारेला नीट आधार दिला, वर स्लीव्ह चढवली, की तुटत नाही.

ओझरकर काका:
पक्कडीने चेपा असं म्हणालो कुठे मी? लग तारेवर दाबून बसवायचं रॅचेटवालं क्रिंपिंग टूल घ्या. पूर्ण दाबल्याशिवाय ते सुटतच नाही.

सातपूर इलेक्ट्रॉनिक्स:
म्हणजे परत पाच-सात हजार. पेन्शनवाल्यांना सोपं आहे बोलायला.

ओझरकर काका:
(प्रकाटाआ: प्रतिसाद काढून टाकला आहे)

अंबडचा वायरमन:
अहो, धागा स्विचचा आहे!

गिरणारेचा बागायतदार:
भांडा तुम्ही. माझं ऐका. माझ्या टू-सीटरला रोटॅक्स 912 इंजिन. त्यात इग्निशनचा स्विच उलटा चालतो: बंद केला की सर्किट ग्राउंडला, म्हणजे इंजिनाच्या धातूला, जोडलं जातं, तेव्हा ठिणगी थांबते. म्हणजे तार तुटली तर इंजिन बंद होत नाही, चालूच राहतं. मागच्या दिवाळीत दोन्ही स्विच खाली केले, तरी प्रॉपेलर फिरतोय. पेट्रोलचा कॉक बंद केला, कार्ब्युरेटर रिकामे होईपर्यंत बसून राहिलो. एका लीडचा लग पडला होता. कुणी दाबला होता? मीच, द्राक्षाच्या ब्लोअरच्या वायरिंगला वापरतो त्या पक्कडीने. स्विच हजारवाला होता बरं का.

गंगापूर रोड:
घ्या! हेच म्हणत होतो.

अंबडचा वायरमन:
तुम्ही "नखरा" म्हणालात, लगबद्दल एक अक्षर नव्हतं. असो, डायोडचं मान्य. 14 व्होल्टचंही, अर्धं. पण आठवड्याला एकदा सगळे स्विच खालीवर करायचं कबूल करा, तर तुमचा चाळीसवाला नेव्हिगेशन लाइटला चालवून घेतो. इग्निशनला नाही.

गंगापूर रोड:
इग्निशनला मी तरी कुठे लावला होता?

सातपूर इलेक्ट्रॉनिक्स:
काका, ते टूल दोन दिवस उसनं मिळेल का?