पहिलाच ट्रॅक डे, तोही वळणावळणाच्या ट्रॅकवर. काय सांभाळू?

गंगापूररोड_३१०

नमस्कार मंडळी. नाशिकचाच आहे, वय २७. गाडी अपाचे आरआर ३१०, २०२१ ची, १९ हजार किलोमीटर झालीय. टायर मिशलिन रोड ५, मागचा जानेवारीत बदललाय. पुढच्या महिन्यात कोइमतूरला करी मोटर स्पीडवेवर एक ट्रॅक डे (आपली गाडी रेसच्या ट्रॅकवर चालवायचा दिवस) आहे, त्याचे पैसे भरलेत. ट्रॅकवर याआधी एकदाही गेलेलो नाही.

रविवारी पहाटे दिंडोरी-वणीवरून सापुतारा, नाहीतर कसारा घाट, एवढंच माझं रायडिंग. आमच्या सहा जणांत घाटात मीच पुढे असतो, म्हणून वाटलं होतं जमेल. मग करीचे व्हिडिओ बघितले. २.१ किलोमीटरचा ट्रॅक, एक वळण सोडतोय तोवर गाडी दुसऱ्यात शिरलेली. श्वास घ्यायला जागा दिसत नाही. पोटात गोळाच आला.

काल आईला सांगितलं. रागावली नाही, एवढंच म्हणाली, "पडलास तर तिकडे तुला उचलणार कोण?" मला उत्तर देता आलं नाही.

घाटाचा सराव कामाला येतो का? पहिल्या दिवशी लक्ष नेमकं कशावर ठेवू? आणि हेच टायर चालतील ना?

सातपूर_गॅरेज

टायर चालतील. पहिल्या दिवसाला याहून भारी टायरची गरज नाही, फक्त रबर जुनं आणि कडक झालेलं नको. पुढच्या टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. तो टायर गाडीबरोबरचाच म्हणजे २०२१ चा असेल तर बदलून टाक भाऊ, नक्षी कितीही शिल्लक असू दे.

निघायच्या आधी ब्रेक ऑइल नवीन घाल. जुनं ऑइल ओलावा ओढतं, सतत ब्रेक मारून तापलं की त्यात बुडबुडे होतात आणि लिव्हर हँडलपर्यंत येतो. पॅड अर्ध्याखाली असतील तर नवे. चेन फार ताणू नकोस, स्टेअरिंगची बेअरिंग तपासून घे. कुलंट काढून साधं पाणी भरायला सांगतात का, ते आयोजकांना विचार. कुलंट ट्रॅकवर सांडला की डांबर साबण लावल्यासारखं होतं आणि मागून येणारे चार जण त्यावर आडवे होतात. पाणी भरलंस तर परत आल्यावर कुलंट लगेच भरायचा, विसरायचं नाही. आरसे काढ, दिव्यांना टेप लाव, ऑइलच्या बोल्टला तार मारून घे. तार मारायला माझ्याकडे आणलीस तर पैसे घेणार नाही.

टूलरूम_अंबड

आधी तुझ्या आईचं उत्तर देतो. वळणावळणावर मार्शल उभे असतात, हातात झेंडा. तू पडलास तर पिवळा हलतो आणि मागचे सगळे वेग कमी करतात. तू ट्रॅकवरच पडून राहिलास तर लाल येतो आणि सगळ्यांना पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारी गाड्या थांबवायच्या जागेत, यावं लागतं. ॲम्ब्युलन्स आत उभी असते. तरी आयोजकांना फोन करून दोन गोष्टी विचार: ॲम्ब्युलन्स दिवसभर असणार का, आणि ती पेशंट घेऊन गेली तर सेशन (ट्रॅकवर चालवायची ठरलेली पाळी) थांबवतात का. दुसऱ्याचं उत्तर "हो" असेल तरच जा. आईला हेच सांग. कसारा घाटात पडलास तर समोरून कंटेनर येतो, इथे समोरून कोणी येत नाही. पण पडणारच नाही असं तिला सांगू नकोस.

मी ४८ वर्षांचा आहे, अंबडला टूलरूममध्ये २४ वर्षं झाली. ट्रॅकवर पहिल्यांदा ४१ व्या वर्षी उतरलो. करीला चारदा, मद्रासच्या इरुंगट्टुकोट्टईला दोनदा. त्यातल्या करीच्या दुसऱ्या खेपेला पडलो. तुला सगळ्यात उपयोगाची गोष्ट तीच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जेवणानंतरचं दुसरं सेशन होतं. माझ्यापुढे एक केटीएम होती, माझ्याच वेगाची. दोन फेऱ्या मी तिच्या मागच्या टायरकडे बघत चालवल्या. मला वाटत होतं मी मस्त चालवतोय. खरं तर ट्रॅक मी बघतच नव्हतो, त्या माणसाचं बघून वळत होतो. तिसऱ्या फेरीत त्याचा ब्रेक उशिरा लागला, तो रुंद, म्हणजे वळणाच्या बाहेरच्या कडेकडे गेला, गाडी सरळ करून गवतात उतरला आणि पलीकडे उभा राहिला. त्याला ओरखडासुद्धा नाही. माझी नजर त्याच्यामागे गवतात गेली आणि नजरेमागे गाडी. कडेशी आलो तेव्हा घाबरून पुढचा ब्रेक दाबला. हँडल हातातून निघून गेलं, आवाजसुद्धा आला नाही. डाव्या हाताचं करंगळीचं हाड मोडलं आणि सहा आठवडे मला मायक्रोमीटर धरता आला नाही.

रात्री हॉटेलवर हिशेब केला. शंभरच्या वेगाने गाडी सेकंदाला जवळपास २८ मीटर जाते. नजर अर्धा सेकंद चुकीच्या जागी राहिली तर १४ मीटर गेले. आपल्याकडच्या दोन लेनच्या रस्त्याच्या रुंदीच्या हे दुप्पट झालं. वळणावळणाच्या ट्रॅकवर १४ मीटरमध्ये अख्खं वळण हातचं जातं. भीती वेगाची असते असं आपल्याला वाटतं. माझ्या अनुभवात भीती नजर जवळ आणते, आणि नजर जवळ आली की तोच वेग दुप्पट वाटायला लागतो. तुला व्हिडिओत श्वास घ्यायला जागा दिसली नाही ती त्यामुळेच. कॅमेरा सरळ नाकासमोर बघतो. तुला मान वळवून पुढच्या वळणाकडे बघता येतं.

आता घाटाचं. अर्धा सराव कामाला येतो. गाडी झुकवायची भीती गेलेली असते, गिअर हाताला बसलेला असतो. उरलेला अर्धा उलटा पडतो. घाटात आपण आपल्या अर्ध्या रस्त्यात राहतो, ते बरोबरच आहे आणि तिथे तसंच राहायचं. पण त्यामुळे ट्रॅकवर पूर्ण रुंदी वापरायला हात तयार होत नाही. तू नकळत मधोमध चालवशील आणि प्रत्येक वळण आहे त्यापेक्षा अरुंद करून घेशील. दुसरी सवय जास्त वाईट. घाटात वळणाच्या मध्यात काही दिसलं की आपण रेस (ॲक्सिलरेटर) एकदम सोडतो. झुकलेल्या गाडीची रेस एकदम सोडली की वजन पुढच्या टायरवर येतं, आणि तो आधीच वळायच्या कामात गुंतलेला असतो.

म्हणून पहिल्या दोन सेशनमध्ये तिसरा गिअर टाक आणि बदलूच नकोस. ब्रेकला बोटंसुद्धा जवळपास लावू नकोस. ब्रेक नसला की वळणात शिरायचा वेग रेसवरच ठरवावा लागतो आणि डोळे आपोआप लांब जातात. कॅलिफोर्निया सुपरबाइक स्कूलमध्येही पहिला धडा ब्रेक न वापरता चालवण्याचाच असतो. लोक तुला मागे टाकतील, टाकू दे. लेथवर नवीन जॉब लावल्यावर पहिला कट आपण हलकाच घेतो, पूर्ण खोलीचा घेत नाही. सगळं सरळ बसलंय का ते आधी बघतो.

शक्य असेल तर आदल्या संध्याकाळी परवानगी काढून ट्रॅक पायी चाल. मी चालतो. गाडीवरून जे वळण सपाट वाटतं ते पायाखाली बाहेरच्या बाजूला उतरतं असं कळतं. डांबराचे जोड दिसतात, कर्बचा (वळणाच्या कडेच्या रंगवलेल्या पट्टीचा) कुठला रंग उडालाय ते दिसतं. प्रत्येक वळणाला तीन खुणा ठरव: ब्रेक कुठे सोडायचा, कुठे वळवायचं, बाहेर पडताना कुठे बघायचं. ब्रेकची खूण कधीही हलणारी ठेवू नकोस. एकाने उभ्या गाडीची खूण धरली होती, दुपारी ती गाडी निघून गेली. माझी एक खूण म्हणजे डांबरावरचा तळहाताएवढा काळा डाग, बरोबर कर्ब सुरू होण्याच्या आधी. डोळे मिटले तरी दिसतो.

करीसारख्या ट्रॅकवर वळणं जोडून येतात. त्यात पहिलं वळण सोडून द्यायचं आणि शेवटचं कमवायचं, हे मला फार उशिरा उमगलं. पहिल्यात जोरात शिरलास की बाहेर फेकला जातोस आणि दुसऱ्याला चुकीच्या बाजूने सामोरा जातोस. पहिल्यात हळू, आतल्या कडेला थोडा उशिरा ये, मग दुसरं आपोआप उघडतं. वेग कमवायचा तो शेवटच्या वळणातून, कारण त्याच्यापुढे सरळ पट्टा असतो. आणखी एक आकडा लक्षात ठेव. वळणात वेग दहा टक्के वाढला तर टायरकडून २१ टक्के जास्त पकड लागते, कारण ती वेगाच्या वर्गाने वाढते. साठच्या वळणात सहासष्टने शिरलास तर मनाला ते थोडंसंच वाटतं. टायरला ते थोडंसं नसतं.

आणि रुंद जायला लागलास तर? आधी अजून झुकव आणि आतच बघ. आपण गाडीवर जेवढा भरवसा टाकतो त्यापेक्षा ती जास्त झुकते. कर्बपलीकडे जाणारच हे नक्की झालं तर गाडी सरळ उभी कर, पुढचा ब्रेक पूर्ण सोड, पार्श्वभाग सीटवरून किंचित उचल आणि सरळ गवतात जाऊ दे. माझ्यापुढच्या केटीएमवाल्याने हेच केलं होतं.

हवेचं सांगतो. रस्त्यावर भरतोस तेवढी भरू नकोस. मी सकाळी थंड टायरला पुढे मागे ३० भरतो, दोन सेशननंतर ती ३४ दाखवते. टायर २५-३० अंशांनी तापला की एवढी वाढ होतेच. प्रत्येक सेशननंतर पिटमध्ये आल्याआल्या मोज आणि वहीत लिही. आणि पहिल्या फेरीत टायर गार असतात, जेवणानंतर पुन्हा गार झालेले असतात. दुपारची पहिली फेरी म्हणजे सकाळची पहिली फेरी समज.

फिजिओ_कॉलेजरोड

टूलरूम दादांनी नजरेचं सांगितलंय, मी हातांचं सांगते. मी मद्रासला दोन ट्रॅक डे केलेत आणि पेशंट म्हणूनही माझ्याकडे रायडर येतात. संध्याकाळी सगळ्यांची तक्रार एकच: मनगट आणि दंड आखडलेत. ब्रेक मारताना शरीराचं वजन हातांवर आलं की असं होतं. हात आखडले की हँडल हलू देत नाही आणि गाडी वळत नाही. गुडघ्यांनी टाकी घट्ट धर. तपासायचं असेल तर सरळ पट्ट्यावर कोपर पंखासारखे हलवून बघ. हलले नाहीत तर तू हँडलला लोंबकळतोयस.

पाणी गाडीवरून उतरल्यावर नाही, चढायच्या अर्धा तास आधी प्यायचं. चामड्याच्या सूटमध्ये घाम किती जातो ते कळत नाही. मीठ-साखर-पाणी ठेव. दुपारी भरपेट भात नको. शेवटचं सेशन सोडायची तयारी ठेव. मी दोन्ही वेळा सोडलं, आणि दोन्ही वेळा त्याच सेशनमध्ये कोणीतरी पडलं.

पडलास तर हँडल सोडून दे, गाडीला धरून राहू नकोस. घसरणं पूर्ण थांबेपर्यंत उठायचं नाही. थांबलोय असं वाटतं तेव्हा बहुतेक वेळा थांबलेलो नसतो. मग मागे बघून ट्रॅकबाहेर. डोकं आपटलं असेल तर कितीही बरं वाटलं तरी त्या दिवशी पुन्हा गाडीवर बसायचं नाही, आणि ते हेल्मेट पुन्हा वापरायचं नाही. पाठीला प्रोटेक्टर लेव्हल २ चा घे. सूट भाड्याने घेणार असशील तर अंगात घालून गाडीवर बसून बघ, उभ्याने नाही.

विम्याचा कागदही वाच. गाडीच्या नेहमीच्या पॉलिसीत रेसिंग आणि स्पीड टेस्टिंग वगळलेलं असतं, म्हणजे ट्रॅकवर मोडलेल्या गाडीचा खर्च तुझाच धर.

गंगापूररोड_३१०

सगळ्यांचे मनापासून आभार. पुढच्या टायरचे आकडे बघितले, ०९२१. बदलतो. आईला झेंड्यांचं सांगितलं, तिने ॲम्ब्युलन्सचा प्रश्न मला पुन्हा विचारायला लावला आणि मी फोन केला. ॲम्ब्युलन्स बाहेर गेली की सेशन थांबतं असं ते म्हणाले.

एक राहिलं. मागून वेगवान माणूस येतोय हे जाणवलं की काय करायचं? घाटात मी बाजू देतो.

टूलरूम_अंबड

इथे बाजू देऊ नकोस. सगळ्यात धोक्याची गोष्ट तीच. मागच्याने तुझी रेघ, म्हणजे तू कुठून जाणार ते, वाचलेली असते, तू अचानक सरकलास तर तो तुझ्यावर येतो. ओव्हरटेक करायची जबाबदारी त्याची. तू आपल्या खुणा धरून चालव आणि मागे वळून बघू नकोस. नवशिक्यांच्या गटात सहसा सरळ पट्ट्यावरच पुढे जाऊ देतात, सकाळच्या ब्रीफिंगमध्ये नियम नीट ऐकून घे. पिटमध्ये शिरायचं असेल तर आधीच्या वळणापासून डावा हात वर कर, किंवा पाय बाहेर काढ, आणि कडेने ये.

आणि गाडी चालवत नेऊ नकोस. तेराशे-चौदाशे किलोमीटर चालवून दमलेला माणूस ट्रॅकवर उतरवायचा नाही. पिकअपमध्ये टाक. माझ्याकडे पुढच्या चाकाचा स्टँड आणि चार रॅचेट बेल्ट आहेत, रविवारी अंबडला येऊन घेऊन जा. बेल्ट हँडलला बांधू नकोस, शॉकअप धरणाऱ्या खालच्या प्लेटला बांध, आणि शॉकअप अर्धेच दाबायचे. येताना जुना पुढचा टायर घेऊन ये, त्याची कड कुठवर झिजलीय ते मला बघायचंय.