कारंजा (लाड): राहत्या वाड्यांतून पायी फेरी काढायची आहे, घरच्यांची संमती आणि मोबदला कसा ठरवावा?

नमस्कार मंडळी,

आम्ही काही जण मिळून कारंज्याच्या (जि. वाशीम) जुन्या वस्तीतून माहिती सांगत पायी फेरी काढतो आहोत. हिवाळ्यात ओळखीच्या लोकांना घेऊन फिरून पाहिलं, लोकांना आवडलं. आता बाहेरगावचेही विचारू लागलेत, म्हणून वेळीच सल्ला हवा आहे.

गुरुमंदिरामुळे इथे बाराही महिने भाविक येतात. नृसिंह सरस्वतींचं जन्मगाव म्हणून दर्शन घेतात, प्रसाद घेतात आणि गाडीत बसून परत जातात. गाव बघायचं राहूनच जातं. दिल्ली, दारव्हा, मंगरूळ आणि पोहा या चार वेशींच्या आतलं हे गाव एकेकाळी एवढं श्रीमंत होतं, की 1670 मध्ये सुरतेच्या दुसऱ्या लुटीनंतर मराठी फौजा इथवर आल्या. सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ या तिन्ही परंपरांची जैन मंदिरं इथे आहेत. त्यांच्या पोथ्यांची भांडारं इतकी मोठी, की रायबहादूर हिरालाल यांनी 1926 मध्ये मध्यप्रांत-वऱ्हाडातल्या हस्तलिखितांची सूची छापली, तेव्हा त्यात कारंज्याला मोठी जागा मिळाली.

पण माझ्या मते खरं बघण्यासारखं आहे ते गल्लीत. ढेलजेतून, म्हणजे दारालगतच्या ओसरीतून, आत गेलं की चौक, सागवानी खांब, वर माडी. काही घरांवर अजून धाबं, म्हणजे मातीचं सपाट छत, आहे. पावसाळ्याआधी त्यावर पांढरी माती पसरून चोपतात, आणि मे महिन्यात बाहेर उभं राहवत नाही तेव्हा त्याच घरात पंख्याविना झोप लागते. हे ऐकायचं तर त्या घरातल्या माणसाच्या तोंडूनच ऐकावं.

आणि अडचण इथेच आहे. मागच्या एका फेरीत मालकांनी आनंदाने चौकापर्यंत बोलावलं होतं. पाहुण्यांपैकी एकाने मोबाईल काढला आणि थेट स्वयंपाकघराच्या दारातून आतलं चित्रीकरण सुरू केलं. आजी भाकरी थापत होत्या. त्या पदर सावरत उठल्या आणि म्हणाल्या, "आमच्या घरी काय तमाशा हाय का बाप्पा?" सगळे मुकाट्याने बाहेर आलो. आजींचं बोलणं मला शंभर टक्के पटलं. ही माणसं तिथे राहतात, त्यांच्या घराला भेट देणं त्यांच्या मर्जीवर आहे.

अहमदाबादला महापालिकेने 1997 पासून पोळांमधून (जुन्या गल्लीबंद वस्त्यांतून) अशीच रोज सकाळची फेरी चालवली आहे, 2017 मध्ये ते शहर जागतिक वारसा यादीतही गेलं. पण तिथे मागे महापालिका आहे. इथे आम्हीच चार माणसं.

तर ज्यांनी अचलपूर, पवनी किंवा कुठल्याही लहान-मोठ्या गावात असं काही केलं असेल त्यांनी कृपया सांगा:

घरच्यांना पैसे द्यायचे का, आणि कसे? एका घराला दिले की शेजारी रुसतात. गल्लीच्या नावाने एकत्र रक्कम ठेवून त्यातून एखाद्या वाड्याचं धाबं किंवा दार दुरुस्त करावं असं मला वाटतं, पण तो हिशोब कोणाकडे ठेवावा?

संमती तोंडी पुरेशी आहे का? कागदावर सही मागितली की आपल्याकडे माणूस लगेच बिचकतो, "जागेचं काही लफडं तर नाही ना?" म्हणून. शिवाय बहुतेक वाडे भावकीत वाटलेले. एक भाऊ हो म्हणतो, दुसऱ्याला ते खपत नाही.

फोटोंचं काय करता? मला तर घरात शिरण्याआधी मोबाईल पिशवीत टाकायला लावावेत असं वाटतं. बाहेरचे लोक नाराज झाले तर होवोत. की ज्या घरच्यांची हरकत नाही तिथे मोकळीक ठेवावी?

दिवाळीनंतर पुन्हा सुरू करायचं आहे. त्याआधी एकेका घरी जाऊन बसणार आहोत, पहिल्यांदा त्या आजींकडेच. त्यांच्यासमोर नेमकं काय मांडावं, हेही सुचवा.